विद्यार्थ्यांची पहिली हॅकेथॉन

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले आणि चहाला न थांबता म्हणाले, "सर, आमची मुलगी हॅकेथॉनला जायचे म्हणते. परराज्यात, रात्रभर जागून. जाऊ द्यावे का हिला?" त्यांच्या मनातील 'हॅक' म्हणजे बँकेतील खाती धुऊन नेणाऱ्या भामट्यांचा उद्योग. श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची समजूत याहून फारशी निराळी नसेल, म्हणून आरंभ शब्दापासूनच करतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद असलेल्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ १९४६ साली निघाले. रुळांखालच्या विजेच्या तारांत डोके घालून बसणारी ही मुले एखाद्या नामी युक्तीला 'हॅक' म्हणू लागली. आपल्याकडे 'शक्कल' म्हणतो ना, तेच. चोरीचा अर्थ तिला मागाहून चिकटला. या 'हॅक'ला मॅरेथॉनचे शेपूट लागले ते १९९९ च्या जूनमध्ये. 'ओपनबीएसडी' ही संगणकप्रणाली रचणारे दहा जण कॅनडातील कॅल्गरी येथे एकत्र बसून काम करण्यासाठी जमले. कॅनडाच का? तर संदेश गूढलिपीत घालणारी प्रणाली देशाबाहेर पाठवण्यावर त्या काळी अमेरिकेत कायद्याची बंधने होती. म्हणजे हॅकेथॉनचा जन्म कायदा मोडण्यासाठी नव्हे, तो सांभाळण्यासाठी झाला! हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांचा जीव अर्धा खाली पडला.

विद्यार्थ्यांनी स्वतः भरवलेली हॅकेथॉन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ साली सुरू झाली. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी पोचला तो 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'मुळे. तिची पहिली अंतिम फेरी १ आणि २ एप्रिल २०१७ रोजी देशभरातील २६ केंद्रांवर झाली. सुमारे दहा हजार विद्यार्थी सलग ३६ तास संगणकापुढे बसले. सरकारी खात्यांनी आपल्या अडचणी मांडावयाच्या आणि विद्यार्थ्यांनी त्यांवर चालते उत्तर करून दाखवावयाचे, असा हा मामला. पुढील वर्षापासून प्रत्यक्ष यंत्रे बनवणाऱ्यांसाठी वेगळी स्पर्धाही सुरू झाली.

आता ३६ तास हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. झोपेचे सहा काढा, जेवणखाण, आंघोळ आणि परीक्षकांच्या फेऱ्या यांचे पाच-सहा काढा, शेवटचे तीन तास तालमीसाठी ठेवा. हाती उरतात एकवीस-बावीस. नवख्या मुलांचा घात येथेच होतो. आमच्या शेजारच्या मुलीच्या चमूने कांद्याच्या बाजारभावाचा प्रश्न घेतला होता. त्यांच्या पहिल्या कागदावर भाव होता, हवामान होते, पीकविमा होता, कर्जाचा अर्ज होता, वर शेतकऱ्यांना आपसांत गप्पा मारण्याची सोयही होती. मी विचारले, "पहाटे ट्रॅक्टर भरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यातले काय हवे?" मुले थोडा वेळ गप्प राहिली. मग एकजण म्हणाला, "लासलगावला जाऊ की पिंपळगावला, एवढेच." झाले, तोच प्रश्न घ्यावयाचा! शेतकऱ्याने फोनमध्ये मराठीत विचारावे आणि दोन्ही बाजारांचे भाव त्याला ऐकू यावेत. एवढा एक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड चालला, तर परीक्षक ऐकून घेतात. दहा दारे असलेला आणि एकही दार न उघडणारा वाडा कोणाला दाखवणार?

तयारीचा दुसरा भाग सहा जणांनी एकाच पोथीवर लिहिण्याचा. यासाठी 'गिट' नावाचे साधन आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली रचले. कोणी, कोठे, काय बदलले याची नोंद ते ठेवते आणि चूक झाल्यास मागच्या मजकुरावर परत जाता येते. हे साधन घरी असतानाच हाताखालून गेलेले हवे. पहाटे तीन वाजता दोघांनी एकाच पानावर निरनिराळे लिहून ठेवले, तर भांडण मिटवण्याइतकी शुद्ध कोणालाच नसते. स्पर्धेचे नियमही आधी वाचावेत. काही ठिकाणी घरून लिहून आणलेला मजकूर चालत नाही. आणि आता तर सांगितल्याबरहुकूम प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने मुलांच्या हाती आली आहेत. ती वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. मात्र "हे असेच का केले?" असा परीक्षकांचा प्रश्न आला, की ज्याने दुसऱ्याचे नुसते उतरवून घेतले त्याची बोबडी वळते.

चमूविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांचा चमू असतो आणि त्यात निदान एक मुलगी असावी असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण तो पाळला कसा जातो ते पाहावे. पाच मुलगे प्रोग्रॅम वाटून घेतात आणि मुलीला सांगतात, "तू स्लाइड कर, तू छान बोलतेस." आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. वास्तविक माहिती साठवण्याच्या कामात त्या चमूत तिचा हात सर्वांत चांगला. म्हणून मी तिच्या वडिलांना म्हणालो, "मुक्कामाची सोय, सोबतचे शिक्षक यांची चौकशी जरूर करा. पण तिला हेही विचारा, की त्या ३६ तासांत तिचे स्वतःचे काम कोणते?" त्यांनी विचारले. मुलीने ते चमूपुढे मांडले, थोडी कुरबूर झाली, आणि भावांचा साठा तिच्याकडे आला.

पुढे काय झाले ते तिच्याच तोंडून ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी, परीक्षक दोन टेबलांवर आलेले असताना, सभागृहातील इंटरनेट बसले. शेजारचे चमू पडद्यावरचे गोल फिरणारे चक्र दाखवून क्षमा मागत होते. हिने मागील सात दिवसांचे भाव आधीच लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवले होते. प्रश्न विचारला गेला, उत्तर आले. मराठी उच्चार जरा परदेशी पाहुण्यासारखा होता एवढेच. बक्षीस मिळाले नाही. ते दुसऱ्या एका चमूला गेले आणि रास्तही होते, असे तीच म्हणाली.

या स्पर्धांत जन्मलेले बरेचसे प्रोग्रॅम आठवड्याभरात मरतात, हा आक्षेप मला मान्य आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि काम लॅपटॉपमध्ये पडून राहते. या मुलीने परत आल्यावर दोन दिवस झोप काढली आणि मग मामाच्या गावी जाऊन एका कांदेवाल्यापुढे तो फोन धरला. त्याने भाव ऐकला आणि विचारले, "हा सरासरी की जास्तीत जास्त?" हा भेद चमूच्या डोक्यातच आला नव्हता. ती आता तेवढा भाग नव्याने लिहीत बसली आहे.