नातोची तार आणि रक्तदाबाचा आकडा

1980 साली शिकागो विद्यापीठात हिरोयुकी सुमी हे जपानी संशोधक रक्तातल्या गुठळ्या विरघळवणारे पदार्थ शोधत होते. प्रयोगासाठी काचेच्या बशीत फायब्रिनचा थर केलेला असायचा. एके दिवशी त्यांनी आपल्या जेवणातले थोडे नातो त्या थरावर ठेवले. शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या त्या बशीत सुमारे 18 तासांत नातोभोवतीचा थर विरघळून गेला. पुढे सुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातोमधले हे काम करणारे एन्झाइम वेगळे काढले आणि 1987 साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या एन्झाइमला नाव मिळाले नॅटोकायनेज.

आज हेच नाव आपल्याकडच्या औषधदुकानांत आणि ऑनलाइन बाजारात कॅप्सूलच्या डब्यांवर दिसते. ‘रक्ताभिसरण सुधारते’, ‘रक्तदाब नियंत्रणात ठेवते’ अशी वाक्ये सोबत असतात. घरात कुणाला बीपीची गोळी सुरू झाली की महिनाभरात एखादा नातेवाईक अशा डब्याचा फोटो पाठवतोच. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात, की भारतातल्या सुमारे 35 टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आहे. इतक्या माणसांशी ज्याचा संबंध आहे, त्या दाव्यात खरे किती, हे नीट तपासायलाच हवे.

आधी नातोविषयी. जपानमधल्या इबाराकी प्रांतातले मितो हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. सोयाबीन रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे आणि गरम असतानाच भाताच्या पेंढ्यात गुंडाळून उबेला ठेवायचे, ही जुनी पद्धत. पेंढ्यावर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू असतात. उकळत्या उष्णतेलाही ते दाद देत नाहीत. इतर जंतू मरतात आणि यांना मोकळे रान मिळते. दिवसभरात दाण्यांवर पांढरट चिकट थर चढतो, ढवळले की तार सुटते. इडलीचे पीठ आंबते तेव्हा त्याला आंबटपणा येतो. इथे उलटे होते. प्रथिने फुटून अमोनियासारखा उग्र दर्प सुटतो. आता कारखान्यांत पेंढ्याऐवजी जिवाणूंचे शुद्ध विरजण वापरतात आणि चाळीस-पन्नास ग्रॅमच्या छोट्या डब्यांत नातो विकतात. थोडा सोया सॉस, मोहरीची चटणी आणि गरम भात असा तो सकाळचा खुराक. ओसाकाकडच्या बऱ्याच जपानी माणसांनाही मात्र तो वास सोसत नाही.

जिवाणू सोयाबीन खाताना प्रथिने तोडण्यासाठी जी एन्झाइमे बाहेर टाकतो, त्यांतलेच एक नॅटोकायनेज. जखम झाल्यावर रक्त थांबते ते फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे तयार होते म्हणून. तेच जाळे हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत नको तिथे तयार झाले, तर झटका येतो किंवा पक्षाघात होतो. नॅटोकायनेज हे धागे तोडते, एवढे प्रयोगशाळेत पक्के दिसले आहे.

पण गुठळी विरघळणे वेगळे आणि रक्तदाब उतरणे वेगळे. दोन्हींचा धागा जोडणारे सर्वांत जास्त सांगितले जाणारे संशोधन दक्षिण कोरियातले, 2008 सालचे आहे. वरचा आकडा 130 ते 159 च्या दरम्यान असलेले आणि बीपीचे औषध न घेणारे 86 जण त्यात होते. काहींना रोज 2000 एफयू (एन्झाइमच्या ताकदीचे एकक) नॅटोकायनेजची कॅप्सूल दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषधाविना असलेली. कुणाला कोणती मिळते आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. आठ आठवड्यांनंतर 73 जण शेवटपर्यंत टिकले. नॅटोकायनेज घेणाऱ्यांचा वरचा आकडा दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी साडेपाच मिलिमीटरने आणि खालचा जवळपास तीनने अधिक उतरला होता.

साडेपाच हा आकडा क्षुल्लक नाही. रक्तदाबाच्या औषधांवरच्या 48 चाचण्यांतली साडेतीन लाखांच्या आसपास माणसांची माहिती एकत्र करून 2021 साली ‘लॅन्सेट’मध्ये जो आढावा आला, त्यात वरचा दाब पाच मिलिमीटरने उतरवला की हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या संकटांचा धोका साधारण 10 टक्क्यांनी घटतो, असे दिसले. मात्र तो आढावा वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांचा होता. कोरियातली चाचणी दोन महिन्यांत संपली.

हे घडते कसे, याचे एक उत्तर त्याच चाचणीत सापडते. मूत्रपिंडे रेनिन नावाचा पदार्थ सोडतात. त्यातून सुरू होणाऱ्या साखळीच्या टोकाला अँजिओटेन्सिन तयार होते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि दाब चढतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गोळ्या याच साखळीला शेवटच्या टप्प्यावर अडवतात. कोरियातल्या नॅटोकायनेज गटात रेनिनची क्रियाशीलता घटलेली आढळली. जपानमध्ये उच्च रक्तदाबाच्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. अखंड एन्झाइम दिल्यावर रक्तातले फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, कमी झाले. एन्झाइमचे तुकडे करून दिल्यावर अँजिओटेन्सिन कमी झाले. दाब दोन्ही वेळा उतरला. पोटात गेलेले प्रथिन पचून त्याचे तुकडेच होणार, मग उपयोग काय, अशी शंका अनेकांना येते. तिला हा प्रयोग निदान उंदरांपुरते उत्तर देतो.

इथवरची गोष्ट आशा वाढवणारी आहे, आणि विक्रेते ती बहुधा इथेच थांबवतात. पुढचा भाग लॉस एंजेलिसमध्ये घडला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हृदयविकार नसलेल्या 265 जणांना साधारण तीन वर्षे, त्याच मात्रेत, नॅटोकायनेज किंवा नुसती दिसायला तशी कॅप्सूल दिली. मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी ते वारंवार मोजत राहिले. 2021 मध्ये निष्कर्ष आला: धमनी जाड होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच. रक्तदाबात फरक नाही, रक्त गोठण्याच्या मोजमापांतही नाही. ही माणसे मुळात बऱ्यापैकी निरोगी होती. त्यामुळे चढलेल्या रक्तदाबावर कोरियात दिसलेला परिणाम या एका चाचणीने पुसला जात नाही. पण अधिक माणसे आणि तीन वर्षांचा काळ यांचे पारडे जड आहे. नॅटोकायनेजने काहींचा दाब थोडा उतरू शकतो, इतकेच आज प्रामाणिकपणे म्हणता येते. बीपीच्या गोळीची जागा ते घेऊ शकते, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

हे एवढ्या निकडीने सांगण्याचे कारण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या रुग्णांच्या कहाण्यांत आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या हृदयात यांत्रिक कृत्रिम झडप बसवलेली होती. अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन कायम घ्यावे लागते. त्याने वॉरफरिन सोडून ‘नैसर्गिक’ नॅटोकायनेज सुरू केले. झडपेवर गुठळ्या धरल्या आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून झडप बदलावी लागली. दुसरी घटना याच्या अगदी विरुद्ध टोकाची. पक्षाघात टाळण्यासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या एका स्त्रीने सोबत नॅटोकायनेज सुरू केले. काही दिवसांतच तिच्या लहान मेंदूत रक्तस्राव झाला. तपासणीत मेंदूत आधीपासून बारीक रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या; तिला त्यांची कल्पना नव्हती. एकाच पदार्थाचा भरवसा एका ठिकाणी कमी पडला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा जोर जास्त झाला असावा. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत दोघांनाही महागात पडली.

वॉरफरिन किंवा त्याच प्रकारचे असेनोकुमारॉल घेणाऱ्यांसाठी आणखी एक गुंता आहे. अख्ख्या नातोत व्हिटॅमिन के-2 भरपूर असते आणि ते या गोळ्यांचा परिणाम पुसून टाकते. म्हणून जपानमधले डॉक्टर वॉरफरिनच्या रुग्णाला नातो खाऊच देत नाहीत. अनेक कॅप्सूलमध्ये मात्र हे व्हिटॅमिन काढून टाकलेले असते. तिथे रक्त अधिक पातळ होण्याची भीती. म्हणजे पदार्थ खाल्ला तर गोळी निकामी, कॅप्सूल घेतली तर रक्तस्रावाचा धोका. क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन ही गुठळ्या रोखणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मग जपानी माणसांना नातोचा फायदा होतो की नाही? गिफू प्रांतातल्या ताकायामा शहरात 1992 पासून 29,079 प्रौढांच्या आहाराची नोंद ठेवून सोळा वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. सर्वांत जास्त नातो खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 25 टक्के कमी होते. नातो खाणारी माणसे एरवीही जपून खाणारी असतील, त्यामुळे सगळे श्रेय नातोला देता येत नाही. पण ताटातल्या नातोत एन्झाइमबरोबर तंतू, पोटॅशियम आणि भरपूर प्रथिने येतात. शिवाय मिसो किंवा सोया सॉससारखे ते मिठात आंबवलेले नसते. दाब चढलेल्या माणसाला हे मोलाचे आहे.

आपल्या देशात अशा सोयाबीनची परंपरा ईशान्येकडे आहे. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडचा किनेमा, मणिपूरचा हवाइजार, नागालँडची अखुनी, मेघालयातले तुंगरिम्बाई, मिझोरामचे बेकांग हे सगळे बॅसिलसच्याच करामती. तिकडच्या चटण्या आणि कालवणे त्यांच्यावाचून अडतात. फायब्रिन तोडणारे जिवाणू संशोधकांना हवाइजार आणि किनेमातही सापडले आहेत. महाराष्ट्रात मात्र चित्र वेगळे. लातूर आणि विदर्भातल्या शिवारांत सोयाबीनची पेरणी प्रचंड होते, आणि बहुतेक माल तेलगाळपाकडे जातो. उरलेली पेंड पशुखाद्य होते. ज्या राज्यात हे पीक एवढे पिकते, तिथल्या ताटात ते सोया वड्यांपुरतेच का दिसावे, याचा विचार कृषी विद्यापीठांनी आणि महिला बचत गटांनी जरूर करावा. भाकरीबरोबर खपेल असा आंबवलेल्या सोयाबीनचा ठेचा कुणी का काढू नये?

तरीही ज्यांना कॅप्सूल घ्यायचीच आहे, त्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. डब्यावर फक्त मिलिग्रॅम लिहिलेले पुरेसे नाही. एन्झाइमची ताकद एफयू या एककात मोजतात आणि चाचण्यांतली 2000 एफयूची मात्रा साधारण 100 मिलिग्रॅमची असते. नातोपासून काढलेल्या अशा एका अर्काला युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सुरक्षित ठरवले, ते दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत, 35 वर्षांवरील प्रौढांसाठी आणि गर्भवती व स्तनदा माता वगळून. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर विषयच संपला. आपल्याकडे पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरातली ओळ सर्वांत आधी वाचावी.

घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर पाच मिनिटे शांत बसून, दंडाला पट्टा बांधून, सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहावेत. कॅप्सूलने काही फरक पडतो का, हे जाहिरातीपेक्षा ती वही चांगले सांगेल. दाब उतरलेला दिसला, तरी सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये. वही डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि दात काढायचा असो की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर बहुतेक लोक गोळ्यांची नावे सांगतात, पूरक आहाराचे नाव राहून जाते. नॅटोकायनेजचे नाव त्या यादीत काही दिवस आधीच, न विचारता, सांगावे.