विनासिमेंटची वीट

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या विटा आता गावोगाव भिंतींत दिसतात. भारतीय मानकातली वीट 19 सेंटीमीटर लांब आणि 9 रुंद. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन विटांची रुंदी आणि मधला एक सेंटीमीटरचा सिमेंटचा सांधा मिळून बरोबर एका विटेची लांबी भरते. म्हणून आडवे-उभे थर जुळतात. (बाजारात मात्र नऊ इंचीची सवय सुटलेली नाही.)

लेगो या खेळण्याच्या विटेत हेच गणित आहे, फक्त सिमेंट नाही. आठ गुट्ट्यांची (म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांची) वीट 31.8 मिलिमीटर लांब, 15.8 रुंद. दोन रुंद्या आणि 0.2 मिलिमीटरची फट, की झाली लांबी. ही फट ठेवली नाही तर लांब रांगेत विटा एकमेकींना रेटतील.

दोन गुट्ट्यांच्या मध्यांतले अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6, पातळ पट्टीची 3.2. पाच पट्ट्या रचल्या की उंची 16, म्हणजे दोन गुट्ट्यांची रुंदी. त्यामुळे वीट आडवी फिरवूनही मापात बसते.

खरी करामत पोटात आहे. 1958 साली डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी नोंदवलेल्या रचनेत विटेच्या आत पोकळ नळ्या आल्या. चार गुट्ट्यांच्या चौकोनाचा कर्ण सुमारे 11.31, त्यातून गुट्टीचा व्यास 4.8 वजा केला की उरतात 6.51. नळीचा बाहेरचा व्यास नेमका तेवढाच. ती चारही गुट्ट्यांना एकदम टेकते आणि वीट घट्ट बसते. वर्गमूळ शिकवायला याहून सोपे साधन शाळेला कशाला हवे?