लाट कशी वाचायची? बालीच्या कुटा बीचवरची पहिली दहा मिनिटं

आज सुरुवातच एका प्रश्नाने. तुम्ही पहिल्यांदा सर्फिंगला आलाय. समोर पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटतायत, पण मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय. पाण्यात कुठून उतराल? शांत पट्ट्यातून ना? थांबा, उत्तर शेवटी देतो.

आपण आहोत बालीच्या कुटा बीचवर. इथे तळाला धारदार प्रवाळ नाही, वाळू आहे. म्हणून नवशिके इथेच शिकतात. पण वाळू सरकते. त्यामुळे काल जिथे छान लाट फुटत होती, तिथे आज फुटेलच असं नाही.

आता लाट येते कुठून? पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांमधून, हजारो किलोमीटरचा प्रवास करून. ॲपवर फक्त उंची बघू नका, सेकंदही बघा. चार फूट आणि चौदा सेकंद म्हणजे लांबून आलेली, जोरदार लाट. चार फूट आणि सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कळीत लाट. उंची तीच, ताकद वेगळी!

मग वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय? जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. तसा वारा असला की लाट उभी राहते, गुळगुळीत होते. कुटाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि साधारण एप्रिल ते ऑक्टोबर इथे आग्नेयेकडून वारा येतो, म्हणजे जमिनीवरून. म्हणून हाच इथला सीझन. डिसेंबर ते मार्चमध्ये वारा समुद्राकडून येतो आणि लाटा विस्कटतात. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये असंच होतं. पावसाळी वारा थेट किनाऱ्यावर आदळतो, समुद्र खवळतो.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला पाणी उथळ असतं, अख्खी लाट एकदम कोसळते आणि पडलात तर थेट वाळूवर. भरती अर्धी चढली की लाट जरा सावकाश फुटते.

आता तो शांत पट्टा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथे खोलगट चर असते, तिथून ते जोरात आत जातं. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून शांत दिसतं. हाच रिप करंट!

त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. बोर्ड सोडू नका, तो तुम्हाला तरंगत ठेवतो. हात वर करून मदत मागा. जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका आणि जिथे लाटा फुटतायत, तिथून बाहेर या.

कुटा असो की कळंगुट, लाल झेंडा दिसला तर उतरायचंच नाही. नाहीतर आधी दहा मिनिटं वाळूवर बसा, पाणी बघा, जीवरक्षकाला विचारा. मगच बोर्ड उचला. भेटू पुढच्या भागात!