विद्यापीठाचा जनसंपर्क आणि खिडकीमागील माणूस

विद्यापीठाचा जनसंपर्क म्हटला की वृत्तपत्रांकडे जाणारी प्रसिद्धिपत्रके, पदवीदान समारंभाची छायाचित्रे आणि जनसंपर्क अधिकाऱ्याचे कार्यालय एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. वस्तुतः विद्यापीठाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांपैकी फारच थोड्यांची गाठ या अधिकाऱ्याशी पडते. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी आलेला विद्यार्थी किंवा मुलीच्या गुणपत्रिकेतील नावाची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी परगावाहून आलेला बाप यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे प्रवेशद्वारावरील पहारेकरी, आवक-जावक विभागातील लिपिक आणि परीक्षा विभागाची खिडकी. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र तर सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. तिकडून कालिन्यास आलेल्या माणसास ‘उद्या या’ असे सांगणे याचा अर्थ त्याला मुंबईत एक रात्र काढावयास लावणे, असा होतो.

या प्रश्नावर कर्मचाऱ्यांनी सौजन्याने वागावे हा उपाय वारंवार सांगितला जातो. तो चुकीचा नव्हे. तथापि अपुरा आहे. ज्याला स्वतःलाच काही सांगितले गेलेले नाही, तो लिपिक कितीही गोड बोलला तरी अर्जदाराच्या पदरी काय पडणार? मुंबई विद्यापीठातील २०१७ चा निकालविलंब या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. उन्हाळी परीक्षांच्या लक्षावधी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी एकदम अवलंबिण्यात आली. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल जाहीर व्हावा अशी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील तरतूद. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, काम सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढील शिक्षणाचे प्रवेश ज्यांचे अडले, त्यांना हानी सोसावी लागली ती वेगळीच. वरिष्ठांनाच निकालाचा दिवस निश्चित करता येत नाही, अशा वेळी खिडकीवरील माणसास तो ठाऊक असण्याचा संभव नसतो. लोकांचा रोष मात्र प्रथम त्याच्यावर ओढवतो. म्हणूनच बाहेरील जनसंपर्काची पहिली पायरी विद्यापीठाच्या आत असते. जे परिपत्रक विभागप्रमुखाच्या मेजावर येते, ते त्याच दिवशी चौकशीच्या खिडकीवर व दूरध्वनी घेणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

माहितीच्या अधिकाराचा अधिनियम २००५ मध्ये झाला आणि परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. या कायद्याखाली येणाऱ्या अर्जांचा कार्यालयांना जाच वाटतो. परंतु त्यांतील पुष्कळसे अर्ज खिडकीवर न मिळालेल्या उत्तराची पुढची पायरी असतात. जे दोन मिनिटांत तोंडी सांगता आले असते, त्यासाठी ३० दिवसांची मुदत, टिपणी आणि प्रसंगी अपील असा व्याप उभा राहतो. शिवाय अर्जाच्या नोंदवहीत आवक क्रमांक व दिनांक असतो, अर्जदाराला किती हेलपाटे पडले याचा रकाना नसतो. तो घातल्यास कोणत्या विभागात काम अडते, हे कुलसचिवांना महिनाभरात कळू शकेल.

हे सारे कार्यालयीन सेवकांचे काम, असे अध्यापकवर्ग मानतो. (अधिसभेतील चर्चेत मात्र या विषयावर अध्यापकच अधिक बोलतात, हे खरे.) उत्तरपत्रिका वेळेवर तपासून देणे, शोधप्रबंधावरील अहवाल महिनोन्‌महिने न अडकविणे, संशोधक विद्यार्थ्याच्या अर्जावर योग्य शेरा मारून तो पुढे पाठविणे, या गोष्टी अध्यापकाच्याच हातात असतात. परीक्षकाकडे राहिलेल्या एका गठ्ठ्यामुळे एखादा संपूर्ण निकाल थांबू शकतो आणि त्याचे उत्तर शेवटी लिपिकास द्यावे लागते. बहिःशाल व्याख्यानांच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी जाणाऱ्या प्राध्यापकास श्रोते व्याख्यानानंतर हटकून विचारतात ते मुलाच्या निकालाविषयी किंवा प्रवेशाच्या नियमांविषयी. ‘ते माझ्याकडे नाही’ हे उत्तर तेथे चालत नाही. कोणत्या विभागाकडे, कोणत्या कागदांनिशी जावे एवढे तरी त्यास सांगता आले पाहिजे.