गाण्यातून फुललेला विनोद

१९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचा आरंभ झाला, तेव्हा पडद्यावर पौराणिक कथा आणि नाट्यसंगीताच्या वळणाचे गायन यांचाच प्रभाव होता. संगीत नाटकात पद रंगू लागले की कथानक बहुधा थांबून राही. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी'ने (१९३८) गाण्यालाच विनोदाच्या कामाला जुंपले.

व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या औदुंबरासमोर पोहण्याच्या पोशाखातील किशोरी गाऊ लागते आणि त्या व्रताची परीक्षा सुरू होते. औदुंबर स्वतः विनायक यांनी रंगवला. पार्श्वगायन अद्याप पुरते रुळले नव्हते. त्यामुळे अभिनेत्रीला गळाही लागे. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांनी हे गाणे स्वतःच गायिले. त्यांच्या पोशाखाने त्या काळी मोठी खळबळ उडाली.

१९३९च्या 'ब्रँडीची बाटली'त दामूअण्णा मालवणकर यांनी ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसलेला भाबडा कारकून उभा केला. तेथे हशाचा भार मुद्रा आणि संवादांवर होता.

'ब्रह्मचारी'तील ते गाणे आज बहुधा सुटेच ऐकले जाते. त्यातला गोडवा तसाच आहे. पण औदुंबराची तारांबळ पाहिल्याशिवाय त्यातला विनोद उमगत नाही.