दाराशी बांधलेली घंटा

लालबाग म्हटले की मुंबईकडच्या आमच्या नातलगांना तिथला गणपती आठवतो. आमचे लालबाग निराळे. बऱ्हाणपूर स्थानकाभोवतीची ही वस्ती मोगलकालीन बागेचे नाव मिरवते. जवळच १६१५ च्या सुमाराचा कुंडी भंडारा आहे, आणि २०२० च्या मार्चपासून बंद पडलेली ताप्ती मिल आहे. या लालबागेत, गेल्या मार्गशीर्षातील एका थंड पहाटे, स्थानकाच्या वाटेवर आई गमावलेले एक पिल्लू आमच्या धाकट्या कन्येने पदराआड नव्हे, शाळेच्या स्वेटराआड घालून घरी आणले. पिल्लू गावठी, रंगाने तांबूस, वयाने जेमतेम दोन महिन्यांचे. नाव अर्थातच मोत्या.

आमच्या घराण्यात कुत्री पूर्वापार होती. पण ती अंगणातली. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आपण भक्तिभावाने पाहतो, तरी देवघराच्या उंबऱ्याशी एकही खपवून घेत नाही. अंगणातल्या कुत्र्याला कोठे जावे हे कोणी शिकवले नाही, कारण त्याला सारे शिवार मोकळे होते. आता अंगण दहा पावलांचे उरले, रस्त्यावर वाहनांची गर्दी, आणि पौषातली थंडी. त्यामुळे मोत्या घरात आला आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही आत आला.

पहिल्या दोन दिवसांत त्याने बैठकीची सतरंजी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि देवघरासमोरचा पाट यांवर आपली मुद्रा उमटवली. पाटाचे निमित्त होताच आमच्या मातोश्रींनी निकाल दिला : "रथसप्तमीपर्यंत बघेन. हळदीकुंकवाला गावच्या बायका येतील, तेव्हा घरात असला प्रकार दिसता कामा नये. नाहीतर जिथून आणलंत तिथं सोडून या." जिथून आणले तिथे म्हणजे स्थानकाच्या रस्त्यावर. कन्येने त्या रात्री जेवण केले नाही.

येथे आमच्या हातून जी चूक झाली ती लपवीत नाही. एका परिचितांनी अनुभवाचा सल्ला दिला : घाण केली की त्यात नाक घासावे आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने दोन फटके द्यावेत, जन्मभर विसरणार नाही. आम्ही तसे केले. मोत्या खरोखरच विसरला नाही. मात्र तो शिकला ते भलतेच. माणसासमोर हे करणे धोक्याचे, एवढाच बोध त्याने घेतला. अंगणात नेऊन अर्धा अर्धा तास उभे राहिलो तरी तो आमच्याकडे टकमक पाहत बसे, आणि आत येताच धान्याच्या कोठीमागे जाऊन कार्यभाग उरकी. आठव्या दिवशी वासावरून छडा लागला, तेव्हा कोठीमागे तो अंग चोरून, डोळे मिटून फटक्याची वाट पाहत बसला होता. सुरळी त्याच दिवशी बंबात गेली.

त्यानंतर थोडे वाचले, थोडे गुरांच्या डॉक्टरांना विचारले. पिल्लू तीन आठवड्यांचे होते तेव्हापासूनच झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन मलमूत्र टाकू लागते. म्हणजे स्वच्छतेची उपजत बुद्धी त्याच्यापाशी असतेच, फक्त अख्खे घर ही झोपण्याची जागा आहे हे त्याला ठाऊक नसते. दोन महिन्यांच्या जिवाला फार तर दोन-तीन तास धीर धरवतो. झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर, आणि खाण्यानंतर पाव-अर्ध्या तासात त्याला बाहेर न्यावेच लागते. जमीन हुंगत गोल गोल फिरू लागला की क्षणही दवडू नये. बाहेर काम झाले की तिथेच, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा आणि दोन गोड शब्द द्यावेत. घरात आल्यावर दिलेला तुकडा त्याच्या लेखी घरात येण्याबद्दलचा असतो. लशी पुऱ्या होईपर्यंत मोकाट कुत्र्यांत जाऊ द्यावयाचे नसल्याने अंगणातील शेवग्याखालची एकच जागा ठरवली.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. मातोश्री प्रत्येक अपघातानंतर गोमूत्र शिंपडून शुद्धी करीत, आणि मोत्या नेमक्या त्याच जागी पुन्हा जाई. जुना वास हे त्याच्या दृष्टीने निमंत्रणच! साबणाच्या पाण्याने धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच शुद्धी करावी, असा तह अखेर झाला.

आता घंटेविषयी. आमच्या शेतातील वासराच्या गळ्यातली पितळी घंटा दोरीने दाराच्या कडीला बांधली, मोत्याच्या नाकाच्या उंचीवर. आधी घुंगरांची माळ बांधली होती, पण तो घुंगरे चावू लागला. एखादे पोटात गेले असते. घंटेला तुपाचे बोट लावले. तो हुंगे, घंटा वाजे, आणि वाजताक्षणी आम्ही दार उघडून त्याला शेवग्याखाली नेत असू. दार उघडण्यापूर्वी दर खेपेस घंटा वाजलीच पाहिजे, हा नियम घरातील लहानथोरांनी पाळला. त्याचा पंजा धरून ती वाजवायची नाही. त्याने आपण होऊन वाजवावी.

घंटा आणि कुत्रा म्हटल्यावर सुशिक्षित वाचकांना पावलॉव्ह आठवतील. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. परंतु त्यांच्या प्रयोगांत इशारा माणूस देई आणि लाळ कुत्र्याला सुटे. येथे इशारा कुत्र्याने द्यावयाचा आणि धावावयाचे माणसाने. याचे नाते थॉर्नडाइक यांच्या १८९८ च्या मांजरांशी अधिक जवळचे : पेटीत कोंडलेले मांजर खटपटीत कधीतरी नेमकी दोरी ओढते, दार उघडते, आणि पुढच्या खेपांना त्याला कमी वेळ लागतो. म्हणूनच दार लगेच उघडणे हाच सारा मंत्र. घंटा वाजूनही आपण चहा संपवीत बसलो तर ती खोटी ठरते.

तीन आठवडे काहीच घडले नाही. आम्ही वाजवून घ्यायचो तेव्हा तो वाजवी. आपण होऊन कधीच नाही. संक्रांत उलटली. मग एका रात्री, दोनच्या सुमारास, घरभर किणकिणाट झाला. आम्हांस वाटले, वारा असेल. पुन्हा वाजली. दाराशी मोत्या उभा होता, शेपूट पायांत घातलेले, आमच्या हाताकडे नजर लावून. अंधारात आमच्या हाती गुंडाळलेली शाल होती. तिला तो सुरळी समजला असावा. शाल खाली टाकली, दार उघडले, आणि कडाक्याच्या थंडीत अनवाणी शेवग्याखाली उभे राहिलो. भाकरीचा तुकडा नव्हता म्हणून डब्यातील तिळाची वडी मोडून कणभर दिली.

पुढेही दोनदा चूक झाली. दोन्ही वेळा घरात कोणी नव्हते, म्हणजे चूक आमची. नंतर लबाडीही सुरू झाली. शेवग्यावरची खार दिसली की घंटा! त्यावर उपाय एवढाच की घंटा वाजली की दोरीने थेट ठरल्या जागी न्यावे, पाच मिनिटे थांबावे, आणि काही न झाल्यास खारीकडे न पाहता परत आणावे. खेळण्यासाठी बाहेर जाणे वेगळ्या वेळी, वेगळ्या हाकेने.

रथसप्तमीच्या संध्याकाळी बैठक बायकांनी भरली होती. मातोश्री वाण देत होत्या, कन्या अत्तर लावीत होती, आणि आम्ही स्वयंपाकघरात उसाचे करवे मोजत होतो. बोलण्याच्या गलक्यात घंटा वाजली ती आमच्या कानी आलीच नाही. आलो तेव्हा मातोश्री हातातले हळदीकुंकवाचे तबक शेजारणीकडे देऊन उठल्या होत्या. "थांबा हो जरा, याला बाहेर जायचंय," असे म्हणत त्यांनी कडी काढली, आणि शेवग्यापर्यंत त्याच्यामागोमाग गेल्या.