गोळीवर गोळी

आजोबांना स्मृतिभ्रंशाची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात लुंगी ओली होऊ लागली. घरच्यांनी वयाला बोल लावला. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी आवरण्याची गोळी दिली. लुंगी कोरडी राहिली. पण आजोबा सुनेला ओळखेनासे झाले.

अशी कहाणी घरोघर घडू शकते. २००५ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे ४५ हजार वृद्धांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्मृतिभ्रंशाचं औषध घेणाऱ्यांना लघवीची गोळी लागण्याचं प्रमाण इतरांहून जास्त दिसलं.

डोनेपेझिल हे या आजारावरचं नेहमीचं औषध. ते ॲसिटिलकोलिन या रसायनाचा नाश रोखतं. पण हे रसायन मेंदूपुरतं थोडंच असतं? आतडी, मूत्राशय, हृदय सगळीकडे त्याचा कारभार. म्हणून मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना जाणं, कुणाला नाडी मंदावून भोवळ. लघवीसाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन मात्र नेमकं याच रसायनाचं काम अडवतं. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर! सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइनही त्याच पंथातलं, आणि ती गोळी तर चिठ्ठीशिवायही घरात येते.

त्रास कमी करण्याचा पहिला मार्ग म्हणजे सबुरी. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि ४ ते ६ आठवडे पोटाला सवय होऊ देऊन मगच १० वर नेतात. रात्रीच्या गोळीने भलतीसलती स्वप्नं पडत असतील, तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. याच आजारावरचं दुसरं औषध रिव्हास्टिग्मिन; त्याची कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची. चार दिवस खंड पडला, तर जुन्या डोसवर परस्पर उडी न मारता डॉक्टरांना विचारायचं, कारण बहुधा पुन्हा खालच्या पायरीपासून चढावं लागतं.

पोटाला फारच जड जात असेल, तर याच औषधाची त्वचेवर लावायची पट्टी मिळते. तिचा घोळ वेगळाच. पट्टी पाठीवर, म्हणजे आजीला दिसत नाही. सकाळी मुलगी नवी लावते, कालची ब्लाउजखाली तशीच. दोन्हींतून औषध झिरपत राहतं आणि दुपारी उलट्या सुरू होतात. यावरचा तोडगा स्वस्तातला आहे: आधी जुनी काढायची, मग नवी दुसऱ्या जागी लावायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ‘उजवा खांदा’ असं लिहून ठेवायचं.